मोहिनीच्या वतीने

मंगळवार, ६ फेब्रुवारी २०२४

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. पुढे कोणी विचारलं तर 'अकराच्या सुमारास असेल' असलं ढिसाळ उत्तर मी देणार नाही. या वेळेला पोस्टमनने मोहिनीच्या नावाचं रजिस्टर पत्र माझ्या हातात दिलं आणि मी सही केली.

मोहिनी माझ्या वरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहते, ती आणि तिचा नवरा इंद्रजित. तीन वर्षं झाली. किकवीच्या पुढे हमरस्त्याला लागून औषधांचा कारखाना आहे, तिथल्या प्रयोगशाळेत ती औषधं तपासते. मुलाखतीची तयारी मीच करून घेतली होती. सध्या बाळंतपणाच्या रजेवर, माहेरी, वेल्ह्याच्या वर डोंगरातल्या वस्तीवर. गेल्या गुरुवारपासून इंद्रजितही तिकडेच मुक्कामाला. शुक्रवारी मुलगी झाली. आज पाचवी.

पत्र मी उघडलं. कंपनीचं काही आलं की ती माझ्यासमोर धरतेच, मग आधी उघडलं तर काय बिघडलं?

मजकूर असा. प्रयोगशाळा इथून हलवून नगर रस्त्यावरच्या दुसऱ्या कारखान्यात नेत आहेत. मोहिनीची इथली जागा अतिरिक्त ठरली आहे. तिकडे त्याच पगाराची जागा देऊ, बाळंतपणाची रजा आणि रजेचा पगार पुढे चालू राहील, पाळणाघर आहे, वगैरे वगैरे. मान्य असेल तर एकवीस दिवसांत लेखी कळवावं. नकार दिला किंवा काहीच कळवलं नाही, तर एकोणतीस फेब्रुवारीला नोकरी संपली आणि त्याबरोबर रजेचा पगारही.

पाच दिवसांची ओली बाळंतीण! तिकडे आज सटवाईपुढे कोरा कागद आणि पेन ठेवतील, मुलीचं नशीब लिहायला. आईचं नशीब कंपनीने आधीच टाइप करून पाठवलं.

मी चौतीस वर्षं पुण्याच्या एका कारखान्यात कर्मचारी विभागात काढली. असली पत्रं मी स्वतः टाइप केली आहेत. ती किती सभ्य असतात ते मला कोणी सांगू नये.

बुधवार, ७ फेब्रुवारी

दुधाचा टेम्पो लावून इंद्रजित आला. ओट्यावर बसवून त्याला सगळं समजावलं.

"मग काकू, आता?"

"आता काही नाही. मोहिनीला सांगायचं नाही."

"पण पत्र तर तिचं हाय."

"टाके अजून ओले आहेत तिचे. हे ऐकून दूध आटलं तर तू जबाबदार राहशील?"

तो टेम्पोची किल्ली फिरवत राहिला. मग म्हणाला, "सासूबाई बी तेच म्हणत व्हत्या. बाळंतिणीच्या कानावर सव्वा महिना वाईट काय जाऊ द्यायचं न्हाई."

एरवी मोहिनीच्या आईच्या, रतनबाईंच्या, शास्त्राला मी नाक मुरडते. उशाखाली विळा, दारात धुरी, परक्या माणसाने आल्या आल्या पाय धुवायचे! पण ही एक गोष्ट मला पटली. तिच्यात काहीतरी शहाणपण असणारच.

जाता जाता तो म्हणाला, "हो म्हणून कळवलं तर? दूध काय, तिकडं बी हाय. माझं कुठंतरी जमंल."

"तान्ह्या पोरीला घेऊन परक्या गावात खोली शोधत फिरणार तुम्ही? इथे तुम्हाला काय कमी आहे?"

तो जिन्याकडे पाहत राहिला आणि मग गेला. गरीब मुलगा आहे. समजावलं की समजतो.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

पत्र लिहिलं. कंपनीला, इंग्रजीत, दोन पानं. शाळेत सिस्टर ॲग्नेस म्हणायच्या की तक्रारीचं पत्र इस्त्री केलेल्या कपड्यासारखं असावं, सुरकुती नको आणि थोडा चटका हवा. आज त्यांनी पाठ थोपटली असती. एक वाक्य इथे उतरवून ठेवते: 'कोणतीही स्वाभिमानी आई पाच दिवसांच्या बाळाला उचलून तुमच्या सोयीसाठी दुसऱ्या गावी येईल, ही अपेक्षाच निर्लज्जपणाची आहे आणि ती धुडकावून लावण्यावाचून दुसरं उत्तर असू शकत नाही.'

खाली सही केली: मोहिनीच्या वतीने, शरयू दिघे.

पाच वेळा वाचलं. वर कोणी नसल्यामुळे मोठ्याने वाचता आलं. मग स्वतः भोरच्या पोस्टात जाऊन रजिस्टर केलं.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

आज बारसं. इंद्रजितच्या टेम्पोतून गेले. वेल्ह्यानंतर रस्ता संपल्यासारखाच आहे. शेवटचा चढ चालत, मध्ये दोनदा बसून. नऊ घरं, शेळ्या, चार म्हशी. मोबाईलची रेघ एकही नाही. ती टेकाडावरच्या खडकापाशी गेलं तरच येते.

मोहिनी बाजेवर होती, डोक्याला घट्ट फडकं, खाली शेगडी. चेहरा उतरलेला पण डोळे हसरे. बाळ अगदी आजीच्या वळणाचं, म्हणजे नाक रतनबाईंचं. ते मी बोलून दाखवलं नाही.

मोहिनीची आजी धोंडाबाई, वय नव्वदच्या घरात. माझ्या हातात पाळण्याची दोरी देऊन म्हणाली, "लगीन न्हाई केलं म्हून काय झालं? हात तर हायेत न्हवं? द्या झोका." सगळ्या बायका खदखदून हसल्या. मीही हसले. झोका बराच वेळ देत राहिले. नाव ईश्वरी ठेवलं.

पंगत उठल्यावर मोहिनीने मला जवळ बसवलं.

"बाई, कंपनीतून काही आलं का?"

"काय यायचंय?"

"प्रयोगशाळा तिकडच्या कारखान्यात नेणार म्हणून आमच्यातली मंगल सांगत होती डिसेंबरात. मी साहेबांना तेव्हाच बोलून ठेवलंय, नेली तर मला पाठवा. तिकडं मशिनं नवीन आहेत. पोरीला पाळणाघरात ठेवता येईल, मधल्या सुट्टीत पाजता येईल."

मी तिला अळिवाचा लाडू दिला. "आधी हा खा. बारीक झालीयेस."

बाळंतिणीचं बोलणं किती मनावर घ्यायचं? पहिलटकरणीला सगळंच सोपं वाटतं. रात्रीची जागरणं सुरू झाली की कळेल. सव्वा महिना होऊ दे, मग शांतपणे बोलू. तसं आज सांगता आलं असतं. मुदतीला अजून चौदा दिवस होते. पण भरल्या घरात, हळदी-कुंकवाच्या मध्ये, कसं सांगणार?

उतरताना इंद्रजित माझ्या पुढे पुढेच चालत राहिला.

मंगळवार, २० फेब्रुवारी

कारखान्यात फोन केला. कर्मचारी विभागात स्वरूप नावाचा मुलगा आहे. आवाजावरून दाढी नुकतीच फुटली असावी.

"मॅडम, तुमचं पत्र मिळालंय. फाइलला लावलंय."

"मग उत्तर?"

"उत्तराची गरज नाही मॅडम. आमच्या बाजूने क्लिअर आहे."

म्हणजे वरमले. लेखी कबूल करण्याइतकी हिंमत नाही, एवढंच. अशा लोकांना चांगल्या भाषेची भीती वाटते.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

मुदत आज संपली. काही घडलं नाही. घर इतकं शांत आहे की वरच्या मोरीचा ठिबकणारा नळ खाली ऐकू येतो. उद्या गेनू प्लंबरला बोलावते. ती दोघं परत येईपर्यंत सगळं नीट करून ठेवायचं आहे. गच्चीच्या दाराला बाळासाठी छोटं फाटकही करून घ्यावं.

बुधवार, ६ मार्च

दुपारी पावणेतीनला मोहिनीचा फोन. वाऱ्याचा घोंघाट. खडकापाशी उभी होती, अजून सव्वा महिना झालेला नाही आणि उन्हात चढून गेली होती.

"बाई, पगार जमा नाही झाला. मंगलला फोन केला मी."

मी म्हटलं, "तू आधी खाली जा, ऊन लागेल."

"मंगल म्हणते, माझं नाव काढलं, पगार शेवटच्या हिशेबात अडकलाय. मला रजिस्टर पत्र आलं होतं म्हणे, भोरला, सहा तारखेला. कुणीतरी सही करून घेतलंय." आणि लगेच, "बाई, सही तुमची हाय?"

माझ्याशी ती नेहमी शुद्ध बोलते. 'हाय' ऐकल्यावर मला खोटं बोलता आलं नाही.

"हो."

"अन् वाचलं व्हतं तुमी?"

"हो."

तिने फोन ठेवला. मी परत लावला तर संपर्काबाहेर.

शनिवार, ९ मार्च

सकाळी सगळे आले. इंद्रजित, मोहिनी, कुंचीत गुंडाळलेलं बाळ आणि रतनबाई. मी चहा टाकला होता. कोणी घेतला नाही.

"पत्र द्या," मोहिनी म्हणाली.

तिने कंपनीचं ते पत्र उभ्या उभ्या वाचलं. दोन्ही इंग्रजी पानं. न अडखळता. मला वाटायचं तिला माझी गरज लागते. कंपनीची पत्रं ती बहुधा माझं मन राखायला माझ्यासमोर धरत असावी. हे आज लक्षात आलं आणि लक्षात आलं नसतं तर बरं झालं असतं.

"मी नको म्हणेन असं का वाटलं तुम्हाला?"

"तुझी काळजी वाटली."

"बारशाला मी स्वतः सांगितलं तुम्हाला की मला जायचंय. तेव्हा पत्र घरात होतं ना?"

होतं. कपाटात, माझ्या पेन्शनच्या कागदांखाली.

मी रतनबाईंकडे वळले. खरं सांगायचं तर आधाराला. "तुम्हीच म्हणाला होतात ना, सव्वा महिना वाईट कानावर जाऊ द्यायचं नाही?"

"आवो बाई," रतनबाईंनी पदर खोचला. "आमी अडाणी. पर म्या म्हन्लं ते मरणाधरणाचं. कुणाचं मैत झालं, कुणाचं भांडाण झालं, ते सांगू नगा. ह्यो कागुद व्हता, कागुद! तिच्या नावाचा. आमच्यात बाळंतिणीची शेळी मेली तरी तिला त्याच दिशी सांगत्यात. जिचं जनावर तिला सांगाया लागतं. तुमी एवढ्या शिकलेल्या, अन् तुमाला आमच्या शास्त्रातलं तेवढंच घावलं व्हय?"

मी न घेतलेले चहाचे कप गोळा करायला लागले. सत्तर वर्षांत मला असं फार कोणी ऐकवलेलं नाही.

मोहिनी वर गेली. सदतीस दिवसांनी वर पावलं वाजली. खिडकीपासून कपाटापर्यंत सात, परत सात. खाली आली तेव्हा हातात तिची प्रमाणपत्रांची पिशवी आणि कपड्यांचं गाठोडं होतं. भाड्यावरून काही असेल तर सांग, मी म्हटलं, दोन वर्षं मी भाडं वाढवलेलं नाही. ती माझ्याकडे अशी पाहत राहिली की जणू मी परक्या भाषेत बोलले.

"मंगळवारी कंपनीत जायचंय," ती म्हणाली. "तुम्ही बरोबर यायचं. मी सांगीन तेव्हाच बोलायचं."

मंगळवार, १२ मार्च

स्वरूपला दाढी आहे. व्यवस्थित कापलेली. त्याने खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, बाळासाठी पंखा कमी केला. त्याच्यावर संतापायला काही जागाच ठेवली नाही.

मोहिनी म्हणाली, "सर, मला बदली पाहिजे होती. मी कळवलं नाही कारण पत्र माझ्यापर्यंत पोचलंच नव्हतं."

"पण मॅडम, तुमचं उत्तर आलं होतं." त्याने फाइल फिरवून तिच्यापुढे ठेवली. "अकरा दिवस बाकी ठेवून आलं. आम्ही नकार म्हणून नोंदवलं. तुम्ही काहीच कळवलं नसतं तर आम्ही एकदा फोन केला असता. इथे इतकं स्पष्ट लिहिलंय..." आणि त्याने ते वाक्य वाचून दाखवलं. स्वाभिमानी आई. निर्लज्जपणा. धुडकावून.

माझे उच्चार असते तर ते वाक्य आणखी भयंकर वाटलं असतं.

"असं इंग्रजी आमच्याकडे कोणी लिहीत नाही," तो माझ्याकडे पाहून म्हणाला. टोमणा नव्हता, खरंच कौतुक होतं. "साहेबांनी ते वरच्या ऑफिसला पाठवलं होतं."

मोहिनी पत्र वाचत होती. बाळ रडायला लागलं, तिने एका हाताने थोपटलं, डोळे कागदावरून उचलले नाहीत. एक महिना ते पत्र माझा अभिमान होता. ती ते आज पहिल्यांदा पाहत होती.

"माझ्या वतीनं लिहायला मी कुणालाच सांगितलं नव्हतं," ती म्हणाली.

"मग तसं यांनी लेखी द्यायला हवं. पोच यांच्या सहीची, नकार यांच्या सहीचा. तिकडची जागा मार्चअखेर भरणार आहेत. त्याआधी आलं तर मी वर पाठवतो. पुढचं माझ्या हातात नाही."

परतताना किकवीच्या फाट्यावर एसटीची वाट पाहत बसलो. मी पाण्याची बाटली पुढे केली. तिने घेतली. आभार मानले नाहीत, पण घेतली.

बुधवार, १३ मार्च

भोरच्या कोर्टासमोर बसणाऱ्या वकीलबाईंकडे मी एकटीच गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. रजेवरच्या बाईला असं काढता येत नाही, म्हणाल्या. पगार बुडाला, नोकरीवरून काढलं, या दोन्हींबद्दल साठ दिवसांत दाद मागता येते, ते मी करून देईन. "पण ते वर्षानुवर्षं चालेल. तिला खटला हवाय का नोकरी? नोकरी हवी असेल तर त्यांच्या हातातलं तुमचं पत्र आधी निकामी करायला लागेल. आणि ते तुम्हीच करू शकता. दुसऱ्याचं पत्र उघडलं, लपवलं, विचारल्यावर उडवून लावलंत, हे सगळं लिहावं लागेल. त्याचा तुम्हाला त्रास होऊ शकतो."

आज सव्वा महिना झाला. ठरल्याप्रमाणे आज मी तिला शांतपणे सांगणार होते.

शनिवार, १६ मार्च

तीन मसुदे फाडले. तिन्हींत मी चांगली दिसत होते.

चौथा घेऊन आज वस्तीवर गेले. वेल्ह्यापर्यंत एसटी, पुढे भाड्याची जीप, मग चढ. धोंडाबाई दारात होती. "आल्या का शाळामास्तरीण," म्हणाली आणि पाय धुवायला पाणी दिलं. मी निमूट धुतले.

या वेळी मराठीत लिहिलं होतं, रतनबाईंनाही कळावं म्हणून. मोहिनीने पेन मागितलं आणि माझ्या हयातीत माझ्या मसुद्यावर पहिल्यांदाच कोणीतरी काट मारली.

"'अमानुष' काढा बाई. मला तिथं काम करायचंय."

"पण ते अमानुष आहेच."

"असू दे. मला तिथं काम करायचंय."

'मातृहृदय' काढलं. 'वडीलकीच्या नात्याने' काढलं. 'अनवधानाने' या शब्दावर पेन टेकवून ती माझ्याकडे बघत राहिली. तो मीच काढला.

"आणखी एक," ती म्हणाली. "तिकडं जागा मिळाली तर एप्रिलात आम्ही खोल्या सोडू. आधी सांगितलेलं बरं."

"हो," मी म्हटलं. "आधी सांगितलेलं बरं."

बाळ मांडीवर दिलं होतं. त्याने माझं बोट धरलं होतं, तशी सगळीच बाळं धरतात. ते सोडवून घेऊन मी सही केली. सोमवारी सकाळी पोस्ट उघडताच पाठवीन. अखेरचा मजकूर इथे उतरवून ठेवते:

'महोदय,

सहा फेब्रुवारी २०२४ रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी सौ. मोहिनी यांच्या नावाचं आपलं पत्र माझ्या सहीने मी घेतलं. ते मी उघडलं, वाचलं आणि त्यांना दिलं नाही. तेरा फेब्रुवारीला त्यांनी मला विचारलं असता काहीही आलेलं नाही असं मी भासवलं. पत्र त्यांच्या हाती नऊ मार्चला पडलं.

आठ फेब्रुवारीचं पत्र मी त्यांच्या वतीने लिहिलं. तसं लिहिण्यास त्यांनी मला सांगितलेलं नव्हतं. त्यातला नकार त्यांचा नाही, माझा आहे. त्यांनी बदली डिसेंबरातच मागितली होती आणि ती त्यांना आजही हवी आहे. त्यांची स्वतःच्या सहीची संमती सोबत जोडली आहे.

माझ्या कृत्याचे जे परिणाम असतील ते माझ्यावर यावेत. त्यांची नोकरी, बाळंतपणाची उरलेली रजा आणि थांबवलेला रजेचा पगार या तिन्ही गोष्टी पूर्ववत कराव्यात. रजेवर असताना त्यांना कामावरून कमी केल्याबद्दल कायद्याने दाद मागण्याचा त्यांचा हक्क या पत्राने सोडलेला नाही.

निर्णय लेखी कळवावा. गुरुवार, २८ मार्च २०२४, सायंकाळी पाच वाजेपर्यंत तो मिळाला पाहिजे. उत्तर सोबत दिलेल्या वस्तीच्या पत्त्यावर पाठवावं. माझ्या पत्त्यावर पाठवू नये, आणि मोहिनी यांच्याखेरीज कोणाच्याही हातात देऊ नये.

शरयू दिघे, भोर
स्वतःच्या वतीने'